चाल, भार आणि पाऊलठसा

चतुष्पाद सस्तन प्राणी सावकाश चालत असता बहुधा एका बाजूचा मागचा पाय आधी पडतो व त्यामागून त्याच बाजूचा पुढचा. नंतर दुसऱ्या बाजूचे पाय त्याच क्रमाने पडतात. शरीराचा भार मात्र चारही पायांवर सारखा नसतो. डोके, मान व छाती यांच्या वजनामुळे सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर येतो. बहुतेक माकडांत याच्या उलट स्थिती आढळते.

वाघाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा व रुंद असतो; त्यामागे या भाराचाही वाटा असतो. चालताना मागचा पंजा पुष्कळदा पुढच्याच्या ठशावर पडतो; वेग वाढला की तो त्याच्याही पुढे जातो. ओल्या चिखलात ठसा पसरतो, तर कठीण जमिनीवरील पातळ धुळीत तोच नेटका उमटतो. तात्पर्य, ठसा ही केवळ पंजाची आकृती नव्हे. पंजा, भार, वेग व भूमी या चारींचा तो संयुक्त परिणाम होय.

१९६६ साली सरोजराज चौधरी यांनी प्रचारात आणलेली गणनापद्धती प्रत्येक वाघ ठशावरून ओळखता येतो, या गृहीतावर उभी होती. राजस्थानातील सरिस्का येथे गणनापत्रकांत वाघ नोंदले जात असतानाच २००५ साली तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. शिकारीने झालेला तो संहार पत्रकांना वेळीच दिसला नाही. पुढे राष्ट्रीय गणनेत स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलेले अंगावरील पट्टे ओळखीचे प्रमाण ठरले. वाघ येथून गेला, एवढे ठसा निश्चित सांगतो. तो कोणता, हे सांगण्याचा भार त्याला पेलत नाही.