दोन दिवसांची सायकल-सफर

सायकल आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. तिला पेट्रोल लागत नाही आणि ती धूरही सोडत नाही. कोणी सायकलने शाळेत येतो, कोणी तिच्यावरून घरोघर दूध पोहोचवतो. याच सायकलवरून दोन दिवसांची सफरही करता येते. मात्र त्यासाठी आधी योजना करावी लागते. बरोबरचा सोबती नवखा असेल, तर ही योजना जास्त काळजीने करावी लागते.

समजा, तुम्ही मुंबईत राहता आणि रोज सायकल चालवता. तुमचे चाचा मात्र वीस वर्षांत सायकलवर बसलेले नाहीत. डिसेंबर महिन्यातील एका शनिवारी आणि रविवारी तुम्ही दोघे सायकलने अलिबागला जायचे ठरवता. चाचा वयाने मोठे आहेत, पण या सफरीत नवखे तेच आहेत. मग योजना कशी करायची?

पहिला नियम असा : सफरीचे माप नवख्या सोबत्याच्या ताकदीवरून ठरवावे. तुम्ही एका दिवसात पन्नास किलोमीटर जाऊ शकत असाल, पण तो हिशेब येथे उपयोगाचा नाही. पहिल्याच सफरीत माणूस फार थकला, तर तो पुन्हा सायकलला हात लावत नाही. अंतर कमी ठेवले, तर मात्र काहीच बिघडत नाही. उरलेल्या वेळात गाव पाहता येते.

आता मार्ग ठरवू. मुंबईहून रस्त्याने अलिबाग सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे आणि वाटेत मोठ्या वाहनांची गर्दी असते. हा मार्ग नवख्यासाठी नव्हे. त्यापेक्षा समुद्रमार्ग बरा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. ही बोट २०२० साली सुरू झाली. तिच्यातून मोटारींप्रमाणे सायकलीही नेता येतात. सुमारे एका तासात आपण मांडव्याला उतरतो. तेथून अलिबाग सुमारे वीस किलोमीटर आहे. शनिवारी वीस किलोमीटर जायचे, अलिबागला मुक्काम करायचा आणि रविवारी वीस किलोमीटर परत यायचे. नवख्यासाठी एवढे अंतर पुरे. बोटीची वेळ आणि राहण्याची जागा आधीच नक्की करावी.

वेळेचा हिशेबही करून पाहा. नवखा माणूस तासाला साधारण दहा किलोमीटर जातो. म्हणजे वीस किलोमीटरसाठी दोन तास लागतील. दर अर्ध्या तासाने थोडे थांबायचे, पाणी प्यायचे, काही खायचे. त्यासाठी आणखी एक तास धरावा. वाटेत चोंढी गाव लागते आणि जवळच किहीम आहे. प्रसिद्ध पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३०च्या सुमारास किहीमला सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला होता. असे ठिकाण विश्रांतीसाठी छान!

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. जमिनीवरची गरम हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून वारा येतो. या किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारी तो बहुतेक वायव्येकडून येतो. अलिबाग मांडव्याच्या दक्षिणेस आहे. म्हणून जाताना हा वारा पाठीमागून मदत करतो, पण येताना तो समोरून अडवतो. समोरच्या वाऱ्यात सपाट रस्तासुद्धा चढासारखा वाटतो. यासाठी रविवारी सकाळी लवकर निघावे. त्या वेळी वारा कमी असतो आणि रस्त्यावर वाहनेही कमी असतात.

अलिबागच्या समुद्रात कुलाबा किल्ला आहे. ओहोटीच्या वेळी तेथे चालत जाता येते. भरती आली, की वाट पाण्याखाली जाते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून त्या दिवशीची वेळ गावात विचारूनच किल्ल्याकडे निघावे आणि पाणी चढू लागण्याआधी परत यावे.

निघण्यापूर्वी तीन आठवडे सराव करावा. पहिल्या आठवड्यात पाच किलोमीटर, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात बारा, असे अंतर वाढवत जावे. एकदा सामान बांधूनही सायकल चालवून पाहावी. सीटची उंचीही तपासावी. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला असावा. सीट फार खाली असेल, तर गुडघे दुखतात. ब्रेक, चाकांतील हवा आणि साखळी दुकानात दाखवून घ्यावी. हातपंप, पाना आणि पंक्चर काढण्याचे सामान बरोबर ठेवावे. दोघांनीही हेल्मेट घालावे. सामान पाठीवर न घेता कॅरिअरला बांधावे आणि जड पिशवी तुमच्या सायकलवर ठेवावी. खाण्यासाठी केळी, खजूर, गूळ-शेंगदाणे घ्यावेत.

रस्त्यावर डावीकडून, एकामागे एक चालावे. चाचांना पुढे राहू द्यावे आणि आपण मागे राहावे. पुढचा माणूस वेग ठरवतो. तुम्ही पुढे गेलात, तर चाचा तुम्हांला गाठण्यासाठी धडपडतील आणि दमतील. थांबल्यावर चाचांना दोन वाक्ये सलग बोलता येत असतील, तर वेग बरोबर आहे. धाप लागत असेल, तर वेग कमी करावा.

येथे एक अडचण असते. मोठी माणसे थकल्याचे सहसा सांगत नाहीत. ‘‘चाचा, थकलात का?’’ असे विचारले, तर उत्तर येईल, ‘‘नाही बेटा, चल पुढे!’’ त्यापेक्षा म्हणावे, ‘‘चाचा, सावली छान आहे. जरा बसू या का?’’ मग दोघांनाही विश्रांती मिळते आणि कोणाचा मानही दुखावत नाही.

इतके करूनही त्रास झाला तर? अलिबाग हे मोठे गाव आहे. तेथे एस. टी. बस मिळते आणि दवाखानेही आहेत. गरज पडली, तर सायकली टेम्पोत घालून मांडव्याला आणता येतील. त्यासाठी थोडे पैसे वेगळे ठेवावेत आणि ही गोष्ट निघण्यापूर्वीच दोघांनी ठरवावी. अर्ध्या वाटेवरून परतणे म्हणजे हार नव्हे.

सफरीची योजना म्हणजे केवळ नकाशा आणि वेळापत्रक नव्हे. आपल्या सोबत्याची ताकद ओळखणे हा तिचा मुख्य भाग आहे. घरी पोहोचल्यावर सोबत्याने आपणहून विचारले, ‘‘पुढच्या वेळी कुठे जायचे?’’, तर तुमची योजना यशस्वी झाली असे समजावे.