रांगेतल्या बहिणी

अमेरिकन कॉलेजांतली ‘सोरॉरिटी’ म्हणजे विद्यार्थिनींची भगिनीसंस्था. पुष्कळ जणींच्या बाबतीत ती पदवीबरोबर संपते. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संस्थांचं मात्र तसं नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 1908 साली ‘अल्फा कप्पा अल्फा’ सुरू झाली. त्यांतली ही पहिली. गोऱ्यांच्या संस्थांची दारं तेव्हा बंदच होती. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संस्थांत नोकरी-संसाराला लागलेल्यांसाठी गावोगावी वेगळ्या शाखा असतात. कॉलेज सुटल्यावरही प्रवेश मिळतो.

एकाच वेळी दाखल झालेल्या मुली ‘लाइन सिस्टर्स’. बहुधा उंचीप्रमाणे रांग लागते, प्रत्येकीला क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर चिकटतो. सत्तरीच्या आजीबाई ‘अल्फा कप्पा अल्फा’च्या गुलाबी-हिरव्या जाकिटावर तो मिरवतात! (आपल्याकडे हजेरीपटावरचा नंबर आठवतो, पण अंगावर कोण घालतं?)

ही माया आपसापुरती राहिली नाही. याच संस्थेतल्या डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली 1935 पासून काही उन्हाळे तिथल्या बायका मिसिसिपीत दवाखाना चालवायला गेल्या. मळेवाले मजुरांना दवाखान्यात येऊ देईनात, तेव्हा त्यांनी औषधं मोटारींत भरली, थेट मळ्यांवर नेली आणि तिथेच पोरांना लसी टोचल्या.