बाईची सही

नरकचतुर्दशीला पहाटे उठून, तेल-उटणे लावून आपण मुंबईकर ज्या पाण्याने अभ्यंगस्नान करतो, ते पाणी कुठून येते, हे घरातल्या मुलांना एकदा विचारून पाहा. 'नळातून' हे उत्तर ठरलेले! एखादा चुणचुणीत मुलगा फार तर तानसाचे नाव घेईल. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसा धरणातून येते आणि हे भातसा ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहे. तानसाही तिथलेच, ते १८९२ सालापासून मुंबईची तहान भागवीत आले आहे. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर चैत्र उजाडला की बायका टँकरची वाट पाहत बसतात. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, ही म्हण तिथे कुणाला शिकवावी लागत नाही.

मी काही समाजकार्यकर्ती नव्हे. माझे माहेर कल्याणचे, त्यामुळे मुरबाडची एस.टी. आणि कसाऱ्याची गाडी ही लहानपणापासून पाहिलेली. गेली काही वर्षे सवड सापडेल तशी मी या दोन तालुक्यांत हिंडते आहे आणि तिथल्या बायकांच्या बैठकांत मागे भिंतीला टेकून बसते आहे. शहापुरात गेलात तर माहुलीचे सुळके तुमची पाठ सोडीत नाहीत. मुरबाडकडे वळलात तर सिद्धगड, गोरखगड आणि पुढे माळशेजचा कडा. पावसाळ्यात आपण मंडळी धबधबे पाहायला जातो, भजी खातो आणि परत येतो. रस्त्यापासून मैल-दोन मैल आत जी बाई चिखलात भात लावीत वाकलेली असते, तिच्याशी बोलायला आपल्याला वेळ नसतो. तिलाही नसतो म्हणा!

बायकांच्या संघटनेचे काम म्हटले की शहरात आपल्यापुढे हळदीकुंकू, पाककृतींच्या स्पर्धा आणि एखादे व्याख्यान उभे राहते. त्याला मी नावे ठेवीत नाही, मी स्वतः त्यात वाढले. पण इथल्या बैठकींत बोलणे निघते ते रेशनकार्डाचे, वनपट्ट्याचे, दारूच्या गुत्त्याचे आणि वीटभट्टीवरच्या उचलीचे. आणि विषय कोणताही असो, शेवटी गाडी येऊन अडते ती एकाच ठिकाणी: कागदावर बाईची सही आहे का?

या भागात बाई कागदावर येण्याच्या आधी ती रस्त्यावर आली, हे मात्र सांगितले पाहिजे. पुण्यात १९०७ साली जन्मलेल्या गोदावरी गोखले महाराष्ट्रातल्या कायद्याच्या पहिल्या महिला पदवीधर. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. अशी बाई त्या काळी बंगला बांधून सुखाने राहिली असती. पण शामराव परुळेकरांशी लग्न करून त्या दोघांनी ठाणे जिल्ह्याची धूळ पायाखाली घातली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी जमलेल्या वारल्यांनी वेठ करणार नाही अशी शपथ घेतली. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघेही जन्माचे गडी होत; त्याला 'लग्नगडी' असे सोज्वळ नाव होते. लग्नाच्या मांडवातून बाई थेट गुलामीत! गोदूताईंनी हे सारे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले, आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ते कपाटात असेल. त्यांचा लाल बावटा सर्वांना रुचेल असे नाही. आमच्याच घरात त्यावरून जेवणाच्या पानावर वाद होतात. पण ठाणे-पालघर पट्ट्यात आज किसान सभा आणि जनवादी महिला संघटना जी उभी आहे, ती त्या पायपिटीवर, हे विरोधकांनाही नाकारता यायचे नाही.

आता मुरबाडकडे वळू, कारण सहीची खरी गंमत तिथे आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे या लहानशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर योगेंद्र बांगर नावाचे शिक्षक होते. गावात शिवजयंतीच्या निमित्ताने वाचन होई, तेव्हा म्हाताऱ्या बायका म्हणत, आम्हालाही वाचता आले असते तर किती बरे झाले असते! हे वाक्य आपण सर्वांनी आपल्या आज्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि 'हो ना' म्हणून पुढच्या कामाला लागलो आहोत. बांगर गुरुजींनी ते मनावर घेतले. अंबरनाथच्या मोतीराम दलाल ट्रस्टच्या दिलीप दलालांनी पाट्या, दप्तरे आणि गणवेश यांची सोय केली, आणि ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, फांगण्यात 'आजीबाईंची शाळा' उघडली.

गणवेश काय, तर गुलाबी नऊवारी! वर्गात साठीपासून नव्वदीपर्यंतच्या पंचवीस-तीस विद्यार्थिनी. खांद्याला दप्तर, त्यात पाटी आणि अंकलिपी. शाळेची वेळ दुपारी दोन ते चार, कारण त्याआधी स्वयंपाक, भांडी, गुरे आणि नातवंडे. शिकवायला बाई गावातलीच, तरुण सून; आणि तिची सासूच तिच्या वर्गात! सुनेने सासूच्या हाताला धरून 'अ' गिरवून घ्यायचा, असा प्रसंग आपल्या कादंबरीकारांना सुचला नसता. शाळेत प्रत्येकीच्या नावाचे झाड लावलेले, त्याला पाणीही तिनेच घालायचे. या आज्यांची छायाचित्रे पुढे देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत झळकली.

मला स्वतःला मात्र छायाचित्रांपेक्षा एक बारीक गोष्ट अधिक मोलाची वाटते. यातल्या कित्येकींना बँकेत गेल्यावर शाईचा अंगठा उठवावा लागे, त्याची लाज वाटे. शाळेत जाऊन त्या सही करू लागल्या. तुम्ही म्हणाल, ऐंशीव्या वर्षी सही येऊन काय मोठे साधले? याच मुरबाड तालुक्यातले धसई गाव २०१६ च्या डिसेंबरात, नोटाबंदीच्या धामधुमीत, रोकडविरहित व्यवहाराचे गाव म्हणून जाहीर झाले होते. एका गावात कार्ड घासायची यंत्रे आली, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गावात पाटीवर नाव गिरवणे सुरू झाले. यंत्रांची बातमी मोठी झाली. मला विचाराल तर पाटीची बातमी मोठी होती. अंगठा उठवताना कागदावर काय लिहिले आहे हे दुसऱ्याने सांगायचे आणि आपण मान डोलवायची, हा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. त्यात किती जमिनी गेल्या, किती कर्जे फुगली, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

जमिनीवरून आठवले. या दोन्ही तालुक्यांत आदिवासी कुटुंबे, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, जंगलातले तुकडे वर्षानुवर्षे कसत आली आहेत. नावावर काही नाही, वनखात्याच्या लेखी अतिक्रमण. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, आदिवासीच्या नावे करण्याची सोय झाली. या कायद्यात एक कलम असे आहे की ते वाचून मी दोनदा चष्मा पुसला. लग्न झालेल्या माणसाला पट्टा मिळतो तो नवरा-बायको दोघांच्या जोडनावाने! आपल्या शहरातल्या किती सदनिकांच्या करारावर बायकोचे नाव आहे, हे वाचकांनी आपापल्या मनाशी मोजावे. तिकडे डोंगरातल्या बाईला कायद्याने ते दिले, आणि ती विकता येत नाही अशी जमीन असल्यामुळे नवऱ्याला परस्पर फुंकूनही टाकता येत नाही.

पण कायदा दिल्लीला होतो आणि अर्ज पाड्यावर भरावा लागतो. गावच्या वनहक्क समितीत एकतृतीयांश तरी बायका हव्यात असा नियम. पुष्कळदा त्यांची नावे कागदावर असतात आणि त्या स्वतः चुलीपाशी. इथे संघटनेचे काम सुरू होते. बैठकीला चला म्हणून घरोघर फिरायचे, दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे कसा जातो ते सांगायचे. पुराव्यांच्या यादीत गावच्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही धरला जातो. शहापूरकडच्या एका पाड्यावर मी असा जबाब लिहून घेताना पाहिला. म्हातारी आजी सांगत होती, या मोहाखाली माझी सासू नाचणी पेरायची, त्या ओहोळापर्यंत आमचे. लिहिणारी मुलगी दहावी झालेली. आजीने तिला दोनदा थांबवले आणि लिहिलेले परत वाचून दाखवायला लावले. "नीट वाच गो बाय, ओहोळ राहिला का काय?" ओहोळ खरोखरच राहिला होता!

हेच दावे घेऊन मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी कसारा घाट उतरून, शहापूर तालुक्यातून चालत मुंबईला आले. त्यांत बायका किती होत्या हे आपण पाहिले, त्यांच्या सोललेल्या तळव्यांची छायाचित्रेही पाहिली. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची खोळंबा होऊन अडचण होऊ नये म्हणून ही मंडळी शेवटचा टप्पा रातोरात चालून पहाटे आझाद मैदानात पोचली. मार्च २०२३ चा मोर्चा तर शहापूर तालुक्यात वाशिंदलाच थांबला आणि तिथूनच बोलणी होऊन परतला.

मुरबाडमध्ये श्रमिक मुक्ती संघटनेने वेगळी वाट धरली. महानगरांच्या पाण्यासाठी काळू नदीवर धरण बांधण्याचे काम वनखात्याची परवानगी हाती नसताना सुरू झाले, तेव्हा ही संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ साली कामाला स्थगिती मिळवली. बुडणार होती ती शेते आणि जंगल मुरबाडचे, पाणी जाणार होते आपल्या इमारतींना. आपल्याला पाणी नको असे मी म्हणत नाही, मीही बादलीभर पाण्याने आंघोळ करते. पण ज्याचे घर बुडते त्याला आधी विचारावे, एवढा शिष्टाचार आपण शेजाऱ्याची शिडी मागतानाही पाळतो.

राहिली दारू. बायकांची एकी पाहायची तर या विषयावर पाहावी. जातीपाती, पक्ष, पाडे सगळे बाजूला पडते. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर गावातल्या परवानाधारक दुकानासाठी मतदान घेता येते. चिन्हे दोन: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली की दुकान बंद. वाचायला किती सोपे! पण बारकावा असा की, झालेल्या मतदानाच्या निम्मी मते पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. म्हणजे जी आलीच नाही, तिचे मत आपोआप दुकानदाराच्या पारड्यात!

आणि न येणाऱ्या कोण? इथे दोन्ही तालुक्यांचे खरे दुखणे येते. भात कापून झाले, दिवाळी उरकली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, पनवेलकडे. पावसाळ्यात घेतलेली उचल अंगावर असते, ती फेडायला पोराबाळांसकट जायचे ते पाऊस तोंडावर आला की परत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गेली, उचल राहिली. विधायक संसदेने भट्ट्यांवरच्या मुलांसाठी 'भोंगाशाळा' काढल्या, त्यांचे कौतुक करावे तितके थोडे. पण मुलांची शाळा भट्टीवर नेता येते, आईचे मत नेता येत नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला या बायका नसतात. पट्ट्याच्या पडताळणीला साहेब येतो तेव्हा झोपडीला कुडाची झाप लावलेली असते.

म्हणून शहापूर तालुक्यातल्या एका कार्यकर्त्या बाईने काय करावे? तिने एक साधी शाळकरी वही केली आहे. त्यात पाड्यावरच्या प्रत्येक बाईचे नाव, पुढे ती कुठल्या भट्टीवर जाणार, मुकादम कोण, आणि त्याच्याकडून किती उचल घेतली आहे. शेवटच्या रकान्यात त्या बाईची सही, येत नसेल तर अंगठा. सभेची किंवा मतदानाची तारीख कळली की ही बाई एस.टी.ने भट्ट्या पालथ्या घालणार, मुकादमाकडे एक दिवसाची सुट्टी मागणार, आणि जमेल तितक्या जणींना घेऊन येणार. भाड्याचे पैसे बचतगटातून. मी वही चाळली तेव्हा ती नुकतीच सुरू झालेली होती. पहिल्या पानावर एकोणीस नावे होती. त्यापुढे अकरा सह्या होत्या, आठ अंगठे. आठांपैकी तीन अंगठ्यांच्या शेजारी पेन्सिलने कुणीतरी अक्षरे गिरवून पाहिली होती, पुसली होती आणि पुन्हा गिरवली होती.