आडवाटेच्या बाजारासाठी जुनी गाडी : पिकअप की जीप?

मालेगाव, धुळे, भिवंडीचा माल घेऊन सातपुड्याच्या आठवडी बाजारांना जाणारे आमचे व्यापारी बंधू अलीकडे आम्हांला एकच सवाल वारंवार करतात. जुनी गाडी घ्यायची आहे, तर पिकअप घ्यावी की जीप? जीप म्हणजे कंपन्या ज्यांना एसयूव्ही म्हणतात त्या गाड्या : बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, ट्रॅक्स वगैरे. बाजारात आजही सर्रास त्यांना जीपच म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरतो. नव्या गाडीत अडकवण्याइतके भांडवल कापडाच्या धंद्यात मोकळे नसते. शिवाय आपल्यापैकी बरेच जण व्याजाचे कर्ज टाळतात. तेव्हा रोखीने जुनी गाडी, हाच मार्ग उरतो. रोख एकदा हातातून गेली की परत येत नाही, म्हणून हा हिशेब आधीच नीट मांडलेला बरा.

प्रथम रस्त्याचा विचार करू. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव, अक्कलकुव्याहून मोलगी, शहाद्याहून तोरणमाळ, हे मार्ग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना अधिक सांगायला नको. मोठ्या गावापर्यंत डांबर पोहोचले आहे. खरा त्रास त्यापुढच्या पाड्यांवर जाताना होतो. उखडलेली खडी, सुटा मुरूम, ओढ्यावरच्या फरश्या आणि पावसाळ्यात चाकाला चिकटणारी काळी माती. दरड आली की घाट बंद आणि माल वाटेतच. गाडी जाहिरातीतल्या डोंगरावर चढते की नाही हे आपल्याला बघायचे नाही. माल कोरडा पोहोचला पाहिजे आणि संध्याकाळी गाडी घरी आली पाहिजे, एवढेच आपले मागणे.

आता वजन. पॉलिएस्टरची साडी साधारण ४०० ग्रॅमची धरली तर २०० साड्यांची गाठ ८० किलोची होते. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारांचा हंगाम असतो तेव्हा अशा दहा गाठी सहज लागतात, म्हणजे ८०० किलो. वर लुंग्या, टॉवेल, तयार कपडे वेगळेच. जीपची बनावट माणसांसाठी. सात माणसे ७० किलोप्रमाणे धरली तर ४९० किलो, त्यात ड्रायव्हर आला. म्हणजे मागची सीट काढून टाकली तरी पाच गाठींच्या पुढे गाडीवर जुलूमच आहे. पिकअपचा भार तिच्या आरसी बुकातच लिहिलेला असतो. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा, जे उरेल तेवढा माल तिचा. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा या वर्गातल्या गाड्यांना एक टन आणि त्याहून अधिक मुभा असते.

पण वजनाहून मोठी गोष्ट कागदाची आहे, आणि आमचे बंधू नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात. खासगी गाडीच्या विम्याच्या पॉलिसीत 'वापराची मर्यादा' असे एक कलम असते. ते बारीक अक्षरात असते, पण वाचावे. त्यात भाड्याने वापर वगळलेला असतो आणि मालाची वाहतूकही वगळलेली असते. सूट फक्त नमुन्यांना आणि स्वतःच्या सामानाला. याचा अर्थ, दहा साड्या नमुना म्हणून दाखवायला नेल्या तर हरकत नाही. पाच गाठी भरल्या तर गाडीचा वापर पॉलिसीच्या बाहेर गेला. आमच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्याची पांढऱ्या पाटीची जीप घाटात माल भरलेली असताना उलटली. विमा कंपनीच्या सर्व्हेयरने गाठींचे फोटो काढले आणि गाडीच्या नुकसानीचा दावा नामंजूर झाला. माल गेला, गाडी गेली, आणि हप्ते मात्र वर्षानुवर्षे नियमाने भरलेले.

काही जण म्हणतात की, कोण बघतो? महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरचा माल हलवायचा तर ई-वे बिल काढावे लागते, आणि त्यावर गाडीचा नंबर आपणच लिहून देतो. खासगी गाडीत माल होता याचा पुरावा आपल्याच हाताने तयार होतो.

पिवळ्या पाटीच्या मालवाहू गाडीला हा धोका नाही, पण तिची स्वतःची बंधने आहेत. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावे लागते. खासगी जीपला पहिली पंधरा वर्षे ही कटकट नसते, त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. परमिटची भीती अनेकांना वाटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ज्या मालवाहू गाडीचे भरलेले एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही तिला परमिट लागत नाही. पिकअपमध्ये दोन्ही प्रकार आहेत, काही ३,००० च्या आत आणि काही वर. म्हणून घेण्यापूर्वी आरसीवरचा हा आकडा जरूर पाहावा. लायसन्सचाही घोळ आता मिटला आहे. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले होते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम केले. वेगळ्या बॅजसाठी एजंटाला पैसे देण्याची गरज नाही.

जीएसटीची नियमित नोंदणी असणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीच्या दुरुस्तीवर आणि विम्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, मालवाहू गाडीवर ती मिळते. जुन्या गाडीला दुरुस्ती ही आलीच, तेव्हा ही रक्कम वर्षाकाठी दिसण्याइतकी होते. कंपोझिशनमध्ये असणाऱ्यांना अर्थात हा फायदा नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही कडक शब्दांत सांगू इच्छितो. बाजाराच्या दिवशी चार-पाच लहान व्यापारी मिळून एक पिकअप करतात आणि गाठींवर बसून जातात. परतीला हमाल, ओळखीचे, वाटेतले, सगळेच चढतात. १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांचा समावेश झाला, पण तोही केबिनमध्ये बसलेला असावा असे न्यायालये म्हणतात. मालवाहू गाडीतून फुकट किंवा भाड्याने नेलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. घाटात गाडी उलटली तर जीव जातो, आणि भरपाईचा बोजा शेवटी गाडीमालकाच्या घरादारावर येतो. ज्याला माल आणि माणसे दोन्ही न्यायची आहेत त्याने दुहेरी केबिनची गाडी बघावी. बोलेरो कॅम्पर ही त्यातली आपल्याकडे सहज मिळणारी. पाच माणसे सीटवर बसतात आणि मागे एक टनापर्यंत माल. हौद लहान असतो, गाठी उंच रचाव्या लागतात, ही तिची उणीव. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ पासून दिसते, गाडी दणकट आहे. पण ती बहुधा खासगी पाटीवर असते आणि वर सांगितलेला विम्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

आता चालवण्याचा फरक. पिकअपला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असतात आणि जोर मागच्या चाकांना. माल भरलेला असताना ही गाडी मुरमाच्या चढावर मुकाट चढते, कारण वजन नेमके जोराच्या चाकांवर येते. रिकामी झाली की तिचा स्वभाव बदलतो. मागचा भाग उड्या मारतो आणि ओल्या चढावर चाके जागीच फिरतात. बाजार चांगला झाला की परतीचा चढ अवघड, असा हा उलटा प्रकार आहे! वाकबगार ड्रायव्हर त्यावर उपाय म्हणून चार-सहा पोती वाळू मागच्या एक्सलवर ठेवतात. जीपचे वजन पुढे-मागे बरेच सारखे वाटलेले असते, त्यामुळे रिकाम्या गाडीत ती केव्हाही सरस. तिचा पल्लाही आखूड. बोलेरो आणि स्कॉर्पिओ या दोन्हींच्या चाकांमधले अंतर २,६८० मिलिमीटर आहे, पिकअपचे तीन मीटरच्या वर जाते. त्यामुळे नाल्यात उतरून वर चढताना पिकअपचे पोट किंवा मागचा हौद टेकतो, आणि घाटातल्या अरुंद वळणावर एकदा मागे घ्यावी लागते तिथे जीप सरळ निघते.

माल रचतानाही अक्कल लागते. जड गाठी तळाला आणि केबिनला टेकून, तयार कपड्यांसारखा हलका माल वर. उंच रचलेली गाडी कडेच्या उतारावर कलंडते. नुसती ताडपत्री पुरत नाही, आतून प्लॅस्टिकचा कागद हवा. पावसाच्या पाण्याइतकीच उन्हाळ्यातली धूळ साडीचा रंग मारते. बंद कंटेनर बॉडी असेल तर उत्तम, मात्र तिचे वजन मालाच्या मुभेतून कमी होते आणि आरसीवर तिची नोंद असावी लागते.

चारही चाकांना जोर असलेली, म्हणजे फोर बाय फोर गाडी घ्यावी का? पिकअपमध्ये आणि जीपमध्ये दोन्हीकडे ती जुन्या बाजारात मिळते. वर्षभर पाड्यांवर जाणाऱ्यांनी जरूर घ्यावी, बाकीच्यांनी चांगल्या खाचेचे टायर घ्यावेत, काम भागते. फोर बाय फोर चिखलात आणि सुट्या रस्त्यावरच घालायची. कोरड्या डांबरावर घातली तर पुढचे-मागचे एक्सल एकमेकांशी भांडतात आणि गिअर तुटतात. जुनी फोर बाय फोर घेताना खाली वाकून पाहा. डिझेल वाचवण्यासाठी पुढचा प्रोपेलर शाफ्टच काढून ठेवलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. आत दांडा असतो, खाली काही नसते. आणि एक इशारा : मोनोकॉक बांधणीच्या, म्हणजे वेगळी चेसिस नसलेल्या, शहरी गाड्याही एसयूव्ही या नावानेच विकल्या जातात. त्या उंच दिसतात, दिसायला देखण्या, पण मालासाठी आणि या रस्त्यांसाठी नाहीत.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड असतानाच स्वतः चालू करून घ्यावे. तेलाचे झाकण उघडून धूर जोरात येतो का पाहावे. पिकअपमध्ये पहिली नजर चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर. वेल्डिंगचा डाग, नवा रंग, वाक दिसला की तिथूनच सलाम करून परतावे. मागच्या स्प्रिंगेत जादा पाटे घातलेले असतील तर ती गाडी मर्यादेबाहेर माल वाहून थकलेली आहे. विकणारा म्हणेल, मजबुतीसाठी घातले. मजबुती लागली का, हे विचारावे. जीपमध्ये दारांच्या खांबांजवळचा आणि पायदानाखालचा गंज पाहावा, कोकणातून आलेल्या गाडीत विशेषतः. पुराची गाडी हा तर वेगळाच सौदा आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला शेकडो गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या पॉलिश होऊन दूरच्या बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, मातीची रेघ तिथे सापडते. फ्यूजच्या डब्यातही पाहा.

इतके पाहून आमचे मत असे की, महिन्यातून चार बाजार आणि पाच गाठींच्या वर माल असेल त्याने जुनी पिकअप घ्यावी. रिकाम्या दिवशी तिला दुसऱ्याचे भाडेही कायद्याने मिळते, आणि विकायला गेले तर गिऱ्हाईक लगेच उभे राहते. घरची माणसे सोबत नेणाऱ्याने दुहेरी केबिन घ्यावी. जीप ही फक्त ऑर्डर घेत फिरणाऱ्याने, नमुन्यांची बॅग आणि वसुलीची वही हेच ज्याचे सामान आहे त्याने घ्यावी. त्याचा माल ट्रान्सपोर्टने मागाहून जातो.

आपल्या भागात सुरतहून गुजरात पासिंगच्या जीपा स्वस्तात येतात. दिल्लीकडूनही येतात, कारण तिथे २०१५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांमागे बंदीचा ससेमिरा लागला. स्वस्ताई पाहून उडी मारण्यापूर्वी तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र, म्हणजे नमुना २८, हातात घ्यावे, आणि महाराष्ट्रात पुन्हा भरावा लागणारा कर किमतीत मिळवावा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचे पत्र आणि नमुना ३५. नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३०, आणि हे अर्ज ३० दिवसांच्या आत. विमा कंपनीला १४ दिवसांच्या आत कळवावे, नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. चेसिसवरचा कोरलेला नंबर कागदावर पेन्सिलीने घासून उतरवून घ्यावा आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवावा. थकलेले ई-चलान त्याच दिवशी मोबाईलवर पाहून विकणाऱ्याकडून भरून घ्यावे, मगच उरलेली रक्कम मोजावी.