जमीन दबते म्हणजे काय होतें?

उसाची भरलेली ट्रॉली ओल्या शेतांतून बाहेर काढली कीं वीतभर खोल चाकोरी उमटते. पुढील सालीं त्याच पट्ट्यांतील खोडवा खुरटा राहतो, पाणी वर सांचतें, आणि दोष मात्र खताला दिला जातो. खरा दोष कोठें आहे, हें शेतकरी बंधूंनीं समजून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

भारानें मातीचा कण लहान होत नाहीं. पाणीही जवळजवळ दबत नाहीं. मग कमी होतें तें काय? चांगल्या मशागतीच्या जमिनींत सुमारें निम्मी जागा कणांची व निम्मी पोकळ्यांची असते. पोकळ्यांत पाणी व हवा राहते. भार पडला कीं कण घसरून एकमेकांजवळ येतात व हवा निघून जाते. एका घनसेंटिमीटरांत १.३ ग्रॅम कोरडी माती असतां पोकळी सुमारें ५१ टक्के असते. तीच माती १.६ ग्रॅम झाली कीं पोकळी ४० टक्क्यांवर येते, आणि ३० सेंटिमीटरांचा थर सुमारें २४.५ सेंटिमीटरांचा होतो. प्रथम नाहींशा होतात त्या मोठ्या पोकळ्या. मुळांचा श्वास व पाण्याचा निचरा तर त्यांवरच अवलंबून!

आतां ओलीचें पाहूं. कोरडे कण घर्षणामुळें सहसा हलत नाहींत. ओल वाढली कीं ती वंगणाचें काम करते. अमेरिकेंतील इंजिनियर आर. आर. प्रॉक्टर यांनीं १९३३ सालीं धरणाच्या मातीविषयीं हेंच दाखविलें कीं, ठराविक ओलीस माती सर्वांत घट्ट बसते. धरण बांधणारास जें हवें, तेंच शेतकऱ्यास नको.

वरचा थर दबतो तो मुख्यतः चाकांतील हवेच्या दाबानें. खोलवरचा दबतो तो आंसावरील एकंदर वजनानें. वरचा नांगरानें मोकळा होतो. खालचा वर्षानुवर्षें तसाच राहतो.

म्हणून वाफसा येईपर्यंत थांबावें. नांगराच्या खोलीवरील माती तळहातांवर वळावी. तिची वात होत असेल तर ट्रॅक्टर शेतांत घालूं नये, भुगा होत असेल तर घालावा. ट्रॉलीस एकच वाट नेमून द्यावी, कारण पहिल्या फेरींतच सर्वांत अधिक नुकसान होतें. ऊसतोड दाराशीं आली असतां थांबणें कठीण, हें आम्ही जाणतों. तेव्हां निदान ट्रॉली अर्धीच भरावी. चार दिवसांची घाई पुढील अनेक पिकांस भोंवते.