दसऱ्याची सुटी आणि वस्तीचे मैदान

२०२४ साली विजयादशमी १२ ऑक्टोबरला, शनिवारी आली. लागून रविवार. नागपूरकर बौद्धांचे हे दोन दिवस ठरलेले असतात. शनिवारी पांढरी वस्त्रे, दीक्षाभूमीवरची रांग, पुस्तकांचे गाळे, भोजनदान. रविवारी वस्तीत पाहुणे आणि संध्याकाळी कबड्डी.

कबड्डी ही गरिबाच्या खिशाला परवडणारी. १३ बाय १० मीटर जागा, चार मुठी फक्की आणि सात पोरे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ १९३६ साली थेट बर्लिनमध्ये दाखवला. आमच्या वस्तीत मात्र तो खेळायला जागा उरत नाही. एका कोपऱ्यात टपऱ्या, दुसऱ्यात कुणाची वाळू-गिट्टी, मध्ये उभ्या मोटारी. त्या रविवारी पोरांनी आधी मोटारी हलवल्या, मग रेषा आखल्या.

काही विचारवंत बंधू म्हणतात, खेळाने काय होणार, पोरांनी अभ्यास करावा. आम्हाला हे पटत नाही. मैदानावर कोणाला घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हा या देशात जातीचाच प्रश्न होता. चर्मकार समाजातले पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर राबत गोलंदाज झाले. पुढे हिंदू संघाला त्यांचे बळी हवे होते, पण चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात! चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून त्यांच्यावरचा अन्याय खोटा ठरत नाही.

राज्यघटनेच्या कलम १५(२) ने सार्वजनिक जागेवरची जातीची बंदी उठवली. पण जागाच नाहीशी झाली तर हक्क बजावायचा कुठे?

१ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीतल्या भूमिगत पार्किंगविरुद्ध हजारो लोक धावले आणि सरकारला काम थांबवावे लागले. वस्तीच्या मैदानासाठी असे कोणी धावत नाही. विकास आराखड्यात खेळाचे मैदान म्हणून आरक्षित असलेली खाजगी जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो. त्यानंतरच्या मुदतीतही महापालिका स्वस्थ बसली की आरक्षण संपते. मग तिथे इमारत उठते, आणि आपल्याला कळते ते पाटी लागल्यावर.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनी दसऱ्याच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढून माहितीच्या अधिकारात नगररचना विभागाकडून आपल्या वॉर्डाचा नकाशा मागवावा. मैदान कोणत्या सर्व्हे नंबरवर आहे, आरक्षण कोणत्या वर्षीचे, मालक कोण, नोटीस आली आहे का, एवढे चार प्रश्न पुरेत. अर्ज लिहून द्यायला आम्ही बसलेलो आहोत.