केसाहून बारीक करवत

सोलर सेल होण्याआधीची सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, तळहातावर घेतली तर हातात काही आहे असे वाटतच नाही. करड्या रंगाची, तळहाताहून मोठी, आणि जाडी जेमतेम १५० मायक्रॉन, वहीच्या दोन पानांएवढी. कडेला धरून अलगद दाबली तर पोस्टकार्डासारखी वाकते. जरा जोर झाला की टिचकन आवाज होतो आणि तुकडे. उजेडात तिरपी धरली तर तिच्यावर पुसट, समांतर रेघा दिसतात. त्या करवतीच्या खुणा. सौर वीज स्वस्त झाल्याची निम्मी कथा त्या रेघांत आहे. बातमी मात्र नेहमी कार्यक्षमतेच्या विक्रमाची होते, करवतीची कधीच नाही, आणि मला ते खटकते.

वापरता येईल असा सिलिकॉनचा सेल १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मला. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांच्या त्या सेलची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती, पण किंमत अशी की तो उपग्रहांनाच परवडावा. घराच्या छपरावर आणायचा तर स्वस्त करायलाच हवा होता. १९७५ साली अमेरिकी सरकारने ते काम नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीकडे सोपवले. एका वॅटमागे ५० सेंट हे लक्ष्य ठरले. प्रकल्प १९८६ साली संपला तेव्हा ते गाठले गेले नव्हते, पण पैसा कुठे जातो हे नेमके कळले होते.

पैसा जातो शुद्धतेत. गारगोटी कुठेही मिळते. ती कोळशासोबत विजेच्या भट्टीत घातली की ९८-९९ टक्के शुद्ध सिलिकॉन मिळते, पण सेलला ते चालत नाही. मग त्याचा वायू करायचा, तो ऊर्ध्वपातनाने गाळायचा आणि तापलेल्या सळ्यांवर पुन्हा सिलिकॉन म्हणून बसवायचा. ते १४१४ अंशांवर वितळवून त्यात एक लहानसा स्फटिक टेकवायचा आणि फिरवत फिरवत अतिशय सावकाश वर ओढायचा. पोलंडच्या यान चोक्राल्स्कीची ही रीत १९१६ सालची. एवढा जाळ आणि एवढी वीज खाऊन माणसाहून उंच कांडी तयार होते.

आणि मग ती कापायची.

सुतार फळीवर खूण करताना करवतीच्या पात्याची जाडी आधी मापात धरतो, कारण तेवढे लाकूड भुशात जाणारच. लाकडाचा भुसा निदान चुलीत जातो. इथे भुसा होता तो शुद्ध सिलिकॉनचा. १९७०च्या दशकात आतल्या कडेला हिऱ्याची धार लावलेले कड्यासारखे पाते एका वेळी एकच चकती कापायचे. त्यानंतर तारेची करवत आली. ती पोलादी तार स्वतः काही कापत नसे. तिच्यावर तेलकट द्रवात कालवलेली सिलिकॉन कार्बाइडची पूड ओतत राहायची, आणि घासायचे काम ती पूड करायची. चकती १८० मायक्रॉनची आणि काप दीडशेच्या आसपास, म्हणजे कांडीचा जवळजवळ निम्मा भाग चिखलात. पूड, लोखंड, द्रव आणि सिलिकॉन अशी त्या चिखलाची खिचडी झालेली असे, त्यातून सिलिकॉन वेगळे काढणे महाकठीण. २००८ साली पॉलिसिलिकॉनचा, म्हणजे याच शुद्ध सिलिकॉनचा, भाव खुल्या बाजारात किलोला ४०० डॉलरच्या वर गेला, तेव्हा तो चिखल साऱ्यांच्या जिवाला लागला.

उपाय दिसायला साधा होता. पूड द्रवात कशाला, तारेवरच बसवा. पोलादी तारेवर निकेलचा मुलामा देताना त्यातच कृत्रिम हिऱ्यांचे कण अडकवायचे. कित्येक किलोमीटर लांबीची ही एकच तार खाचा पाडलेल्या रुळांवर हजारो वेढ्यांनी गुंडाळतात, की वीणेच्या तारांसारखी घट्ट जाळी तयार होते. ती सुसाट पुढे-मागे धावते, वरून पाण्याचा मारा चालू असतो, आणि पाटाला डिंकाने चिकटवलेला कांडीचा ठोकळा इंचाइंचाने तिच्यात उतरतो. पूर्वी अख्खी पाळी खाणारे काम आता काही तासांत होते. शेवटी पाट उचलला की ठोकळ्याच्या जागी हजारो चकत्या फणीच्या दातांसारख्या लोंबत असतात. गरम पाण्यात डिंक सुटतो आणि त्या एकेक करून वेगळ्या होतात. मधली तार आता ४० मायक्रॉनच्याही खाली आली आहे, माणसाच्या केसाच्या जवळपास निम्मी. काप साठेक मायक्रॉनचा.

या तारेने एक बळीही घेतला. जुनी करवत चकती खरबरीत ठेवायची, आणि त्या खरबरीतपणावर आम्ल चढून प्रकाश परतवणारी चकाकी मरायची. नवी चकती इतकी गुळगुळीत की बहुस्फटिकी सिलिकॉनवर आम्ल पकडच घेईना. एकस्फटिकी सिलिकॉनला ही अडचण नव्हती, कारण त्याच्यावर अल्कली वापरतात. काही वर्षांत बहुस्फटिकी सिलिकॉनची निळी, खवल्याखवल्यांची पॅनेल मागे पडली आणि एकस्फटिकी सिलिकॉनची काळी पुढे आली. २००४च्या सुमारास एका वॅटला १६ ग्रॅम सिलिकॉन लागे. आज तीन ग्रॅमही लागत नाही.

करवतच नको म्हणणारेही होते. एमआयटीच्या इमॅन्युएल सॅक्सने वितळलेल्या सिलिकॉनमधून दोन दोऱ्यांच्या मध्ये सरळ फीतच ओढून काढली. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कड्यात पापुद्रा धरतो, तशी. मला ही कल्पना या सगळ्यात सुंदर वाटते. ती वापरणारी एव्हरग्रीन सोलर ही कंपनी २०११ साली दिवाळखोरीत गेली.

जगातल्या वेफरपैकी ९५ टक्क्यांहून अधिक आज चीनमध्ये कापले जातात. तिथल्या स्वस्ताईत कोळशावरची स्वस्त वीज आहे, आणि शिनजियांगमधल्या सक्तीच्या मजुरीचे गंभीर आरोपही आहेत. ते बाजूला ठेवून नुसता भाव वाचणे मला जमत नाही. आपल्याकडे पॅनेल जोडणारे कारखाने पुष्कळ आहेत, पण कांडी ओढून कापणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि तार हा काही आपल्याला परका विषय नाही. पुण्याजवळच्या भोसरीतल्या कुठल्याही टूलरूममध्ये ‘वायरकट’ मशीन ठिणग्यांनी पोलाद कापत असते. आयआयटी मुंबईत तीच ठिणगी सिलिकॉनवर चालवून पाहिली गेली. तिथे तार ठोकळ्याला टेकतच नाही, त्यामुळे ठिसूळ चकतीवर ताण कमी येतो. पण वेग कमी पडतो, आणि ठिणगीच्या उष्णतेने चकतीच्या अंगावर भाजल्याचा एक पातळ थर उरतो, तो नंतर काढावा लागतो.